सतरा नंबरचा ठिपका

बीडच्या ऑफिसात स्वप्नाली विहिरींची पाणीपातळी सॉफ्टवेअरमध्ये भरायची आणि नकाशावर ठिपके उमटायचे. सिरसाळ्याच्या सतरा नंबरच्या विहिरीचं मोजमाप कुणी पाठवलंच नव्हतं, तरी तिचा ठिपका उमटला. तीनदा पुसला, तरी तो मेला ठिपका परत हजर. सोमवारी पाणी साठ फूट खोल, काल वीस, आज शून्य.

वैतागून तिनं विहिरीच्या मालकाला, उत्तरेश्वरला फोन लावला. "काका, ती विहीर बुजवली ना तुम्ही?"

"व्हय ताई. माझी दीपमाला आत व्हती तवाच ढासळली. लेक हाती लागली न्हाई, मंग तशीच बुजवली."

"मग पाणी रोज वर कसं येतंय? आज तर जमिनीला लागलंय."

म्हातारा हरखून म्हणाला, "तरीच सकाळपास्नं दार वाजतंय."

फोनमधून कडी काढल्याचा आवाज आला.