मऊ हात

पियुषला ठाम वाटायचं, आपण जन्माला यायला हवं होतं ब्राझीलमध्ये, चुकून विदर्भातल्या फुलसावंगीत पडलो. वडिलांनी चढ्या भावासाठी थांबवून ठेवलेला कापूस खोलीत आढ्यापर्यंत भरलेला होता. त्यातच बूड टेकण्यापुरती जागा करून तो गिटारवर जॅझ आणि ब्राझीलच्या बोसा नोव्हाची गाणी वाजवायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा. ब्राझीलचा एक म्हातारा दर वेळी लिहायचा, "काय मऊ हात आहे!" पियुष विनयानं उत्तर द्यायचा, "दहा वर्षांचा रियाज आहे."

भाव चढला आणि कापूस महागावच्या जिनिंग मिलला गेला. पियुषनं रिकाम्या खोलीत तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. ऐकलं, तर टिनावर कोणी गोटे फेकून राह्यलं जणू! एकेक चूक भिंतीवर आपटून दोन-दोनदा ऐकू येत होती.

"आई, माह्या हाताले काय झालं वं?"

खोली झाडता झाडता आई म्हणाली, "तुहा हात पह्यलेपासून असाच हाय. कापसात झाकून होता."

तरी पठ्ठ्यानं ते गाणं टाकलंच. म्हाताऱ्यानं लगेच विचारलं, "तो आधीचा वादक कुठे गेला?"

पियुषनं लिहिलं, "परवा बाबांनी विकून टाकला."