सहावे पात्र

ग्रीसमधील ऱ्होड्स बेटाच्या किनाऱ्यावरील त्या हॉटेलात भोजन भाड्यातच अंतर्भूत होते. पाहुणे ताटे ओसंडेपर्यंत वाढून घेत. मुख्य स्वयंपाकीण स्तमातिया दुपारी पाच पदार्थ मांडत असे. सहावे पात्र कोण ठेवी, हे कोणासही ठाऊक नव्हते.

त्यातील फिकट मांसावर बारीक लव होती आणि ते हाताला ओठांसारखे कोमट लागे. स्तमातियाने ते दोनदा किळसून फेकले होते.

आज तिची मुलगी थेक्ला तेच मांस मचमच चघळत होती. हनुवटीवरून तेल ओघळत होते.

"थुंक आधी! कोणी दिलं तुला हे?"

"खूळ लागलं का गं आई?" थेक्ला हसली. "आत्ता तूच तर भरवलंस. ती काय, तुझ्याच पाठीमागे तू अजून बोटं चाटत उभी आहेस!"