कुराताचं मरण

पडद्यावर ज्युदोच्या गुरूंनी शेवटच्या लढतीत प्रतिस्पर्धी कुराताची मान मोडली आणि टोकियोतलं ते थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

पहिल्या रांगेतली गुरूंची विधवा, फुमी, ताडकन उठली. "साफ खोटं आहे हे! कुरातांचा फक्त पाय मोडला होता. माझ्या नवऱ्याने त्यांना पाठीवर घालून घरी आणलं. बरे होईपर्यंत मी पेज करून घातली!"

"बाई, सिनेमाला जोरदार शेवट लागतो," दिग्दर्शक समजावू लागला.

तेवढ्यात तिच्या शेजारचा म्हातारा काठी टेकत उभा राहिला.

"मी कुराता," तो म्हणाला. "गुरूंच्या शवपेटीला खांदा दिलाय मी. त्या माणसाला तुम्ही माझा खुनी केलंत?"

दिग्दर्शक माफी मागत कमरेत वाकला. फुमीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.