अर्ध्या ओळीवर

"इथं एवढं थांबायचं नसतं," फादर लॉरेन्स गाणाऱ्यांना म्हणाले. "मध्यावर नुसता श्वास घ्यायचा आणि पुढं जायचं."

आण्णांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनेची मिस्सा होती. ती सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. रविवारी हल्ली कीबोर्डवर नवी गाणी होत. मयतासाठीचं हे जुन्या चालीचं स्तोत्र मात्र वाद्याशिवायच म्हणायचं असे. फादर नुकतेच पुण्याहून आलेले, गळा चांगला, चाल शुद्ध. प्रत्येक ओळीच्या मधली ही लांबलचक शांतता त्यांनी दुसऱ्या कुठल्याच चर्चमध्ये ऐकली नव्हती.

मार्थाला ती माहीत होती. पुढं होऊन स्तोत्र सांगायचे ते तिचे वडील, आण्णा. हुपरीत चांदी गाळण्याच्या धुरात त्यांची छाती गेली होती. अर्धी ओळ झाली की त्यांना थांबावंच लागे. मग सगळं चर्च थांबे, दर वर्षी थोडं जास्त. मागाहून आलेल्यांना तीच रीत वाटली.

आजचा दिवस तसंच म्हणू या का, असं तिनं विचारलं. फादरांनी हळू आवाजात नाही म्हटलं. चुकीचं कानावर पडलं तर पुढची पोरंही तेच म्हणतील. तिनं मान हलवली. ते आजारपण होतं, पद्धत नव्हती, हे तिलाही कळत होतं.

मिस्सेत स्तोत्र सुरू झालं. पुढं उभे असलेले गाणारे शिकवल्याप्रमाणे न थांबता गेले. मागची बाकं मध्यावर गप्प झाली. दोन्हीकडचे आवाज एकमेकांत अडकले. फादरांनी हात वर केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पुन्हा अर्धी ओळ झाली. कसबा बावड्याच्या विठाबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "थांबा की फादर. आण्णांचं व्हायचं हाय अजून."

कुणी हसलं नाही. फादर थांबले. गाणारेही थांबले.

दम जमला की पुढची अर्धी ओळ नेहमी आण्णाच उचलायचे. आता ती कधी उचलायची, ते कुणालाच कळेना. एकेक जण मार्थाकडं बघू लागला.

चाल तिला पाठ होती. तिनं ओठ मिटूनच ठेवले. सगळ्यांनी आणखी थोडं थांबावं, एवढंच तिला वाटत होतं.