मुळासकट

कातळसड्यावर यंत्र थांबलं होतं. त्याच्या मागे खरवडलेली जमीन आणि सौरआरशांच्या रांगा, पुढे गवताचा एकच ठोंब. गवत वेगळ्या जातीचं ठरलं, तर ते जिथे उगवलंय ती जमीन सुटणार होती. पण दोन्ही तज्ज्ञांचं एकमत झाल्याशिवाय यंत्र पुढेही जात नव्हतं, मागेही.

"बाई, ही आपली साधी कुसळीच आहे. माती कमी, म्हणून खुरटलीय," तोरसकर म्हणाला. तो दुसऱ्या तज्ज्ञ वर्तकबाईंचाच विद्यार्थी. हा वाद दोघांनी परिषदांतून, शोधनिबंधांतून वर्षानुवर्षं घातला होता.

"कुसळं बघत बसू नकोस. कुसळीला मुळाशी कंद असतो का?"

"नसतो. पण इथे तरी कुठाय?"

"एकमत झालं?" यंत्राने विचारलं.

वर्तकबाईंचा संयम सुटला. त्या गुडघ्यांवर बसल्या, खुरपं खोल घातलं आणि जन्मभर नमुने काढले तसाच ठोंब मुळासकट उपटला. माती झटकून तोरसकरच्या नाकासमोर धरला. मुळांना लसणाच्या पाकळीएवढे कंद लोंबत होते.

तोरसकर भिंग लावून बराच वेळ पाहत राहिला.

"चुकलं माझं, बाई. वेगळीच जात आहे."

"एकमत नोंदवलं," यंत्र म्हणालं. "जात नवी, संरक्षित. या जमिनीत आता तिचं एकही रोप नाही."

यंत्राचं पातं फिरू लागलं. नमुना ठेवायला तोरसकरने सवयीने रद्दीचा कागद उलगडला होता. तो तसाच त्याच्या हातात फडफडत राहिला.