पिरॅमिडची घाई

परांचीवरून पडल्यापासून गवंडी बाबा दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते; अवाक्षर नाही. शेवटी वैतागून लेक लॅपटॉपसकट त्यांच्या पलंगावर बसली. “बघा तरी, तुमची पोरगी पिरॅमिड बांधतेय!” गेममध्ये शेजारचा राजाही पिरॅमिडच बांधत होता, जो आधी पुरा करेल त्याचाच राहणार, दुसऱ्याचा मोडणार. तिने ‘घाई’चं बटण दाबायला घेतलं. “त्याने काय होतं?” बाबा वळले. “काम लगेच संपतं. थोडे मजूर मरतात, बस्स.” “मग नको दाबू.” “अहो, खेळातले आहेत!” “मुकादमाने मलाही असंच घाईघाईत ओल्या फळीवर चढवलं.” तिने बोट मागे घेतलं. दोन खेळींत शेजारच्या राजाने बाजी मारली. तिचे डोळे भरून आले. बाबा कोपर टेकून उठले. “रडतेस काय, येडे? माणसं शाबूत आहेत ना? उशी लाव पाठीला. त्याच दगडांचं आपण दुसरं काहीतरी बांधू.”