कोकरांतला कुत्रा

"उद्या तळ हलला की ह्या कुत्र्याला हितंच सोडायचा," मेंढरं हाकून आलेला धुळा आईला, म्हाकुबाईला म्हणाला. "मेंढीचं दूध पिऊन कोकरूच झालाय त्यो. आजवर एकदा भुंकला न्हाय."

आईविना पडलेलं ते पिल्लू म्हाकुबाईनंच मेंढीला लावून जगवलं होतं. आता तो दांडगा झाला होता, पण झोपायचा कोकरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणातच. तळ हलताना कोकरांना घोड्यावर बसवलं की आपणही चढायला बघायचा. राखणीची कुत्री त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

दिवस मावळताना टेकाडावर लांडगा दिसला. राखणीची सगळी कुत्री त्याच्यामागे सुटली, त्यांच्यामागे धुळा. भुंकण्यात कुणाची कसर नव्हती. तेवढ्यात दुसरा लांडगा ओढ्यातून वर आला आणि त्यानं थेट जाळीत उडी घेतली.

भ्यालेली कोकरं कोपऱ्यात गोळा झाली होती. त्या गोळ्यातून तो उठला आणि जन्मात पहिल्यांदा भुंकला. कोकरू भुंकलेलं लांडग्यानं कधी ऐकलं नसावं; तो आल्या वाटेनं पळाला.

धुळा धापा टाकत परतला. "आये, कोकरं?"

"हायती सगळी. त्यांच्यातल्याच एकानं राखली."

सकाळी धुळानं न बोलता कुत्र्याला उचललं आणि घोड्यावर कोकरांमध्ये बसवलं.

"चालंल की त्यो," म्हाकुबाई हसू दाबत म्हणाली.

"कोकरं कुठं चालत्यात व्हय?"

घोडा निघाला. वर बसलेल्यानं राखणीच्या कुत्र्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही.